गारमेंट कंपनीच्या सीएसआरमधून वस्तीत पाळणाघर काढायचंय, कुणाकुणाला सोबत घ्यावं?

मरोळवाली

नमस्कार. मुंबईत मरोळच्या एका एक्सपोर्ट गारमेंट कंपनीत मी अकरा वर्षं कम्प्लायन्स बघते. बायरचा ऑडिटर आला की हजेरीपटापासून फायर एक्झिटपर्यंत त्याला सगळं दाखवायचं, त्याने काढलेल्या त्रुटी महिनाभरात दुरुस्त करून फोटो पाठवायचे, हे माझं काम. यंदा सीएसआरही (कंपनीने नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च) माझ्याकडे आलंय. पैसे मंजूर आहेत, साहेबांची तयारी आहे, पण मागच्या वेळी हात पोळलेत म्हणून आधी इथे विचारते.

आमच्याकडे कटिंग, फिनिशिंग, पॅकिंग आणि थोडी शिलाई होते. बाकी माल जरीमरी, साकीनाका, खैरानी रोडच्या गाळ्यांत फॅब्रिकेटरकडे, म्हणजे बाहेर शिलाई करून देणाऱ्या ठेकेदारांकडे जातो. तिथून पुढे धागा कटिंग, लेस, बटण असलं काम घरोघरी बायकांकडे. ही शेवटची पायरी आमच्या एकाही कागदावर नाही. चलान फॅब्रिकेटरच्या नावाचं असतं आणि ऑडिटरची फाइल तिथेच बंद होते.

मार्चमध्ये एका लॉटच्या सतरा कुर्त्यांवर पिवळट डाग निघाले. माल कुठे कुठे फिरला ते शोधत मी फॅब्रिकेटरच्या माणसाबरोबर जरीमरीत गेले. लोखंडी शिडी चढून वर पोटमाळा, दहा बाय आठचा असेल. एक बाई भिंतीला पाठ लावून बसली होती, मांडीवर कुर्त्यांचा बंडल. डाव्या हाताने शिवण ताणायची, उजव्या हातातल्या कटरने धाग्याचं टोक उडवायचं, पीस फिरवायचा. काख, बाही, घेर झाला की घडी करून बाजूला. मान वर नाही. शेजारी दीड वर्षाचं पोर. त्याच्या पायाला कापडाची पट्टी बांधून दुसरं टोक ट्रंकेच्या कडीला अडकवलेलं, कारण शिडीच्या तोंडाला कठडा नव्हता. पट्टी आमच्याच लॉटची होती, किनारीवरचा मिलचा छाप अर्धा दिसत होता. पायाला काचू नये म्हणून तिने पट्टीच्या आत जुन्या बनियनचा तुकडा घातला होता.

ती मला म्हणाली, "मॅडम, डाग माझ्याकडून पडला असेल तर पैसे कापा, पण काम बंद नका करू." डाग तिच्याकडचा नव्हताच. गाळ्यातल्या एका ओव्हरलॉक मशिनमधून तेल गळत होतं.

त्या दिवसापासून वस्तीत पाळणाघर काढायचं डोक्यात आहे. पण दोन वर्षांपूर्वीचा अनुभव सांगते. एका संस्थेबरोबर आम्ही शिलाईचा वर्ग घेतला. चाळीस बायका, तीन महिने, प्रमाणपत्रं, पाहुणे, फोटो. त्यातल्या सहाजणी कामाला लागल्या. मागाहून मी एकेकीला विचारत फिरले तेव्हा कळलं की वर्गात सगळं साध्या सिंगल नीडल मशिनवर शिकवलं आणि गाळ्यांना ओव्हरलॉक, फ्लॅटलॉकचे हात हवे होते. शिवाय सकाळी नऊ ते रात्री आठ घराबाहेर राहायचं तर मुलं कुठे ठेवायची? आधी हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. वीस मशिनं आज एका खोलीत कुलूपबंद आहेत आणि त्या खोलीचं भाडं द्यायला संस्थेकडे पैसे नाहीत.

तर माझे प्रश्न. घरी बसून मालाचं काम करणाऱ्या या बायकांच्या मुलांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये बसतो का? कंपनी, संस्था आणि पालिका यांच्याशिवाय आणखी कुणाला सोबत घ्यावं? आणि तीन वर्षांनी आमचे पैसे थांबले तर ते पाळणाघर कुणाच्या भरवशावर चालणार?

हिशेबनीस

मी सीए फर्ममध्ये सीएसआरचीच कामं बघतो, त्यामुळे कायद्यापुरतं सांगतो.

२०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ १ एप्रिल २०१४पासून लागू आहे. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करायचे हे तुम्हाला माहीत असेलच. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम त्यात धरता येत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने जे करणं बंधनकारकच आहे तेही नाही. ५० किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघर द्यावंच लागतं, हे मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने आलं. तेव्हा फॅक्टरीतलं पाळणाघर हा तुमचा धंद्याचा खर्च. वस्तीतलं पाळणाघर मात्र सगळ्यांच्या मुलांना खुलं ठेवा. रिक्षावाल्याचं मूल, भाजीवालीचं मूल, धागा कटिंगवालीचंही. 'फक्त आमच्या मालावर काम करणाऱ्यांसाठी' असं कागदावर लिहिलंत की ते धंद्याचं काम ठरण्याची भीती आहे.

संस्था निवडताना तिचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक बघा, आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी आहे का ते बघा. प्रकल्प पहिल्याच दिवशी बोर्डाच्या ठरावात 'चालू प्रकल्प' म्हणून नोंदवा. मग सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मिळतात. वर्षअखेर उरलेली रक्कम ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची, म्हणजे ती त्याच कामाला राहते.

एक चूक मी दर वर्षी बघतो. प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. कंपन्या ती संस्थेच्या गळ्यात मारतात आणि बालवाडीच्या ताईचा पगारही त्या ५ टक्क्यांत बसवायला सांगतात. ताईचा पगार, खोलीचं भाडं, खाऊ, हा सगळा प्रकल्पाचाच खर्च आहे. तुमच्या अकाउंट्सवाल्यांनी हात आखडला तर नियम उघडून दाखवा.

आणि ती वीस मशिनं. सीएसआरच्या पैशातून घेतलेली मालमत्ता नोंदणीकृत संस्थेच्या, सरकारी यंत्रणेच्या किंवा लाभार्थींच्या बचत गटाच्या मालकीची असू शकते. त्या चाळीसजणींतल्या काहींचा गट झाला तर मशिनं त्यांच्या नावावर होतील.

लालबागकर

ताई, त्या बनियनच्या तुकड्याचं वाचून मी बराच वेळ थांबले. बावीस वर्षं वस्तीत बालवाडी चालवतेय. लोक अशा आईला बेफिकीर म्हणतात. आपल्याकडे वेळ आणि कठडा दोन्ही असतं म्हणून आपल्याला पट्टी बांधावी लागत नाही, एवढाच काय तो फरक.

वेळेचंच सांगते, कारण पाळणाघरं तिथेच फसतात. अंगणवाडी काही तास चालते, त्यात मूल खातं, गाणी शिकतं, पण आईला दिवस मिळत नाही. कंपनीवाले येतात ते दहा ते पाचची वेळ ठरवून. धागा कटिंगचा माल गाळ्यातून येतो दुपारी, आणि शिपमेंट असेल तर रात्री नऊला टेम्पो दारात उभा. सकाळी पाणी, स्वयंपाक, मोठ्याची शाळा. तिला पाळणाघर हवं दुपारी एकपासून संध्याकाळी सातपर्यंत, आणि शिपमेंटच्या आठवड्यात आणखी दोन तास. ते तुम्ही ठरवू नका, मीही नको. तिला विचारा.

मुंबईत हे झालेलं नाही असं नाही. मुंबई मोबाइल क्रेशेस १९७२पासून बांधकामाच्या साइटवर पाळणाघरं चालवते. जागा, पाणी, वीज बिल्डर देतो, माणसं आणि शिकवणं संस्थेचं. साइट संपली की पाळणाघर पुढच्या साइटवर. तुमच्या कामाला त्यातलं एक घेण्यासारखं आहे: सुरक्षित जागा द्यायची जबाबदारी ज्याचं काम चाललंय त्याची, मुलाला काय हवं ते ठरवायची जबाबदारी ज्यांना मुलं कळतात त्यांची. दोघांनी एकमेकांच्या कामात लुडबुड करायची नाही.

माझी आजी गिरणगावात खानावळ चालवायची. पंधरा-वीस गडी जेवायला, पैसे महिन्याच्या पगाराला, तोवर वाणी उधारीवर आणि सावकार व्याजाने. १९७५मध्ये प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि अशा बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं. बँक, मंडळ आणि बायका अशी ती तिघांची भागीदारी. ती टिकली कारण बायका तिथे कर्जदार होत्या, सभासद होत्या, एकमेकींच्या जामीन होत्या. कुणी त्यांना 'लाभार्थी' म्हणून रांगेत उभं केलं नव्हतं. आजी अंगठा द्यायची ते सही करायला शिकली, ती त्या कर्जाच्या कागदासाठी.

केंद्राच्या मिशन शक्तीमध्ये 'पाळणा' नावाची योजना आहे, अंगणवाडीला जोडून पाळणाघर. तुमच्या भागाच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना पहिल्याच महिन्यात भेटा. तीन वर्षं संपत आल्यावर गेलात तर उशीर झालेला असेल.

गाळा नंबर १४

मी फॅब्रिकेटर आहे. मरोळवाल्या ताईंच्या कंपनीचा नाही, पण असल्याच तीन कंपन्यांचं काम करतो. अठरा मशिनं, बावीस कारागीर. आतापर्यंत सगळे कायद्याचं आणि पाळणाघराचं बोलले. मी रेटचं बोलतो.

एका कुर्तीचे मला ३८ रुपये मिळतात. त्यात कारागिराचे २३. मग धागा, सुई, तेल, लाइट बिल, गाळ्याचं भाडं, सुपरवायझर, टेम्पो. रिजेक्शन निघालं तर ते माझ्या अंगावर. धागा कटिंगला दीड रुपया देतो. चार वर्षं रेट हाच आहे. दर सीझनला कंपनीचा मर्चंडायझर, म्हणजे ऑर्डर आणि रेट ठरवणारा माणूस, फोन करतो, "दोन रुपये कमी कर, नाहीतर भिवंडीवाला करतोय." कमी केले तर ते कुठून जाणार? भाडेवाला ऐकत नाही, वीज कंपनी ऐकत नाही. कारागिराचा रेट तोडला तर तो दुसऱ्या गाळ्यात जातो. बोलत नाही ती फक्त घरात बसलेली बाई. म्हणजे तिच्याच दीड रुपयाचा सव्वा होतो. मी हे केलंय, म्हणून सांगतो. मला ते बरं वाटत नाही.

वरून पेमेंट. माल गेल्यावर नव्वद दिवस. सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, आणि १ एप्रिल २०२४पासून मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. तेव्हापासून एका कंपनीने मला वेळेवर पैसे द्यायला सुरुवात केली. दुसरीने सांगितलं, उद्यम नोंदणीवाला (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदलेला) फॅब्रिकेटर नको.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. गिरणी परत लागली नाही, त्यांनी दोन जुनी मशिनं घेऊन घरात शिलाई सुरू केली. गिरणीत त्यांना प्रॉव्हिडंट फंड होता, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं हॉस्पिटल होतं, युनियन होती. माझ्या कारागिरांपैकी किती जणांना ईएसआय आहे ते मी इथे लिहीत नाही, लाज वाटते. पण ३८ रुपयांत मालकाचा सव्वातीन टक्के वाटा कुठे बसवू ते कुणी मांडून दाखवा, मी उद्या भरतो.

ताई, तुमच्या कंपनीत सीएसआरचं टेबल आणि खरेदीचं टेबल वेगळं असेल. एक टेबल वर्षातून एकदा वस्तीला पैसे देतं, दुसरं रोज त्याच वस्तीतून पैसे काढतं. पाळणाघर काढा, माझा पूर्ण पाठिंबा आहे, जागा शोधायला मी फिरेन. पण बैठकीला तुमच्या मर्चंडायझरला आणा. तो आला नाही तर मीही येणार नाही.

धागेदोरे

गाळा नंबर १४ यांनी दुखण्यावर बोट ठेवलंय. मी कामगार संघटनेत आहे, दोन-तीन गोष्टी जोडतो.

११ सप्टेंबर २०१२ला कराचीत कपड्याच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज, दारं बंद. त्याच कारखान्याला काही आठवड्यांपूर्वी एसए ८०००चं, म्हणजे कामगारांना नीट वागवतात असं सांगणारं प्रमाणपत्र मिळालं होतं. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळ सावारमध्ये राना प्लाझा कोसळली, अकराशेहून जास्त मेले. आदल्या दिवशी भिंतीला भेगा दिसल्या होत्या. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, वरच्या कारखान्यांनी कामगारांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. तिथल्या काही कारखान्यांचीही ऑडिटं झालेली होती. ताई, तुमच्या कामाला नावं ठेवत नाही. पण ऑडिटमध्ये कामगार हा तपासायचा विषय असतो, करारात तो सही करणारा पक्ष असतो.

राना प्लाझानंतर मे २०१३मध्ये जो अ‍ॅकॉर्ड, म्हणजे कारखान्यांच्या सुरक्षेचा करार झाला त्यात ब्रँड आणि आंतरराष्ट्रीय कामगार युनियन दोघांच्या सह्या होत्या, आणि तो कायद्याने बांधणारा होता. पुढे दोनशेहून अधिक ब्रँड त्यात आले. तपासणीचे अहवाल जाहीर व्हायचे. दुरुस्तीला लागणारा पैसा कारखान्याला परवडेल असं बघायची जबाबदारीही ब्रँडवर होती. गाळ्याच्या भाषेत, रेटचा विषय करारात आला. आपल्याकडे २०२२मध्ये तमिळनाडूत दिंडिगुलचा करार झाला. एका महिला कामगाराच्या खुनानंतर तिथल्या बायकांच्या युनियनने पुरवठादार कंपनीबरोबर तो केला, आणि बाहेरच्या ब्रँडनीही आपल्या सह्यांचे करार केले. कामगारांतूनच निवडलेल्या बायका शॉप फ्लोअरवर छळाची तक्रार टिपतात, आणि पुरवठादाराने करार मोडला तर त्याचे परिणाम ऑर्डरवर होतात.

तुमचं पाळणाघर एवढं मोठं नाही, कबूल. पण कागद करताना दोन ओळी घाला: देखरेख समितीत निम्म्या जागा घरी मालाचं काम करणाऱ्या बायकांच्या, आणि तिथे तक्रार केली म्हणून कुणाचं काम बंद होणार नाही. ती बाई तुम्हाला पहिलं वाक्य काय बोलली ते परत वाचा. "काम बंद नका करू." ज्याला ही भीती आहे तो समितीत बसून गप्पच राहणार.

मरोळवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. महिना होऊन गेला, काय झालं ते लिहिते.

मर्चंडायझरला न्यायला मला पाच वेळा विचारावं लागलं. शेवटी साहेबांनी सांगितलं तेव्हा तो आला. बैठक ऑफिसात घेतली नाही. आमच्या फॅब्रिकेटरच्या गाळ्यात, रविवारी दुपारी, कटिंगच्या टेबलाभोवती. फॅब्रिकेटर, संस्थेच्या दोघी, मी, मर्चंडायझर आणि अकरा बायका. पोटमाळ्यावरची ती बाईही आली, पोर कडेवर. गाळा नंबर १४ पाहुणे म्हणून आले, आभार.

पहिला अर्धा तास कुणीच बोललं नाही. मग संस्थेच्या ताईंनी टेबलावरचाच कुर्त्यांचा बंडल उचलला आणि सगळ्यांनी धागे कापत बोलू या म्हणाल्या. हात चालू झाले तशा बायका बोलू लागल्या. मर्चंडायझरच्याही हातात कटर होता. नऊ पीस केले त्याने तासाभरात, त्यातले दोन कापडाला कात्री लागून खराब. त्याने ते आपल्याकडेच ठेवून घेतले.

वेळ त्यांनी ठरवली: दुपारी साडेबारा ते संध्याकाळी सात, रविवारी सुट्टी. लालबागकर ताईंनी लिहिलं होतं जवळपास तेच. आणखी एक गोष्ट आली जी माझ्या ध्यानीमनी नव्हती. त्यांना हिशेबाची चिठ्ठी हवी आहे. किती पीस नेले, किती परत दिले, रेट काय. आज सगळं तोंडी असतं आणि महिनाअखेर वीस-पंचवीस पीस कमीच भरतात. एकीने भिंतीवर कोळशाने काढलेल्या रेघांचा फोटो मोबाइलवर दाखवला, पाच-पाचच्या जुड्या. तिचा हिशेब तेवढाच. चिठ्ठीपुस्तकं मी छापायला टाकली आहेत, बंडलच्या तिकिटाला जुळणारे नंबर घालून. हा खर्च सीएसआरमध्ये नाही, प्रॉडक्शनमध्ये टाकलाय.

रेटचं अर्धवट झालंय, खरं तेच लिहिते. आमच्या कॉस्टिंग शीटमध्ये कापड, ट्रिम्स, शिलाई, वॉशिंग, पॅकिंग अशा ओळी असतात. धागा कटिंग 'शिलाई'च्या पोटात असायचं, म्हणून रेट तुटला की ते पहिलं जायचं. आता 'घरकाम' अशी वेगळी ओळ आहे, कुर्तीला अडीच रुपये, आणि फॅब्रिकेटरशी घासाघीस करताना त्या ओळीला हात लावायचा नाही असं ठरलंय. हे फक्त एका बायरच्या ऑर्डरपुरतं आहे. दुसऱ्या दोन बायरच्या मालाला जुनंच चाललंय. फॅब्रिकेटरचं पेमेंट ४५ दिवसांत करायचं अकाउंट्सने मान्य केलंय, पहिलं बिल पुढच्या महिन्यात निघेल तेव्हा कळेल.

समितीत पाच बायका आहेत, तक्रारीची ओळ करारात घातली. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना दोनदा भेटले. त्यांनी अर्ज घेतलाय, जागा दाखवा म्हणाले.

आणि तिथेच अडलंय. जरीमरीत किंवा काजूपाड्याच्या बाजूला तळमजल्यावरची, दोन दारांची खोली हवी आहे. दोनशे चौरस फुटांच्या आतली नको, नळ आणि स्वतंत्र संडास हवा, शेजारी वॉशिंगचा किंवा भंगाराचा गाळा नको. भाडं बाजारभावाने, तीन वर्षांचा करार आणि अनामत संस्थेच्या नावाने. वीसातल्या बारा मशिनांसाठी त्या चाळीसजणींतल्या नऊजणींचा गट झालाय, त्यांनाही वर किंवा शेजारी जागा मिळाली तर बरं. कुणाच्या नजरेत असेल तर इथेच सांगा, मी त्याच दिवशी बघायला येईन.

गाळा नंबर १४

मशिदीच्या मागच्या गल्लीत एक बंद पडलेलं फ्यूजिंगचं दुकान आहे, दोन दारांचं. मालक गावी आहे, त्याच्या भावाला विचारतो. संडास सामायिक आहे, तो वेगळा करून घ्यावा लागेल. ताई, उद्या साडेदहाला गाळ्यावर या.